नव्या पर्वावर प्रेक्षक रागावतात, तो राग नेमका कशाचा?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या घरी रात्री जेवताना एक गुन्हेमालिका नेमाने पाहिली जात असे. यंदा तिचे दुसरे पर्व सुरू झाले आणि पहिल्या पंधरवड्यातच आईने पाहणे सोडले. वडील एकही भाग न चुकवता रोज नावे ठेवतात, भावाच्या मते खुनी दुसऱ्याच भागात कळला, आणि सोसायटीतल्या मंडळींचे म्हणणे असे की पूर्वीची मजा राहिली नाही. दुसरे पर्व नेहमी पडतेच का, प्रेक्षकांच्या तक्रारी लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचतात का, आणि पोहोचत असतील तर मालिका सुधारत का नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत. मालिकेचे नावही त्यांनी लिहिले आहे, पण ती लिहिणाऱ्यांपैकी दोघांबरोबर मी काम केलेले असल्यामुळे ते येथे घेत नाही. त्यावाचून उत्तराचे काही अडत नाही.

मी ठाण्याला पाचपाखाडीत राहतो आणि बावीस वर्षे दूरचित्रवाणीसाठी गुन्हेकथा लिहीत आलो आहे. काही मालिकांचे सगळे लेखन माझ्याकडे होते, बहुतेकांत मी चार-पाच लेखकांपैकी एक होतो, आणि तीन वेळा दुसऱ्या पर्वाची जबाबदारी माझ्यावर आली. तिन्ही वेळा तुमच्या घरात झाली तीच भांडणे आमच्या टेबलाभोवती झाली. त्यावरून माझे मत असे बनले आहे की गुन्हेमालिकेचा जुना प्रेक्षक नव्या पर्वाकडे नवा गुन्हा पाहायला येतच नाही. तो त्या खोलीत परत येतो. खोली म्हणजे तपास करणारी माणसे जिथे बसतात, एकमेकांवर करवादतात, चुकीचे तर्क लढवतात आणि रात्री उशिरा पार्सलचा वडापाव खातात ती जागा. मग ते पोलीस ठाणे असो, वकिलाचे कार्यालय असो, नाहीतर जुन्या जीपची मागची सीट असो. गुन्हा दर आठवड्याला बदलला तरी प्रेक्षकाला चालते, किंबहुना तो बदलावा अशीच त्याची अपेक्षा असते. खोली बदललेली मात्र त्याला खपत नाही, आणि अडचण अशी की खोली बदलली आहे हे त्याला शब्दांत पकडता येत नाही. मग तो हाताशी असलेले शब्द वापरतो: संथ झाली, पटत नाही, खुनी आधीच कळला.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपणा सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. सोनी वाहिनीवरची ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली, तेव्हा तिचे १५४७ भाग झाले होते. तिचे कर्ते बी. पी. सिंग यांनी पोलीस तपासाचा हा घाट त्याआधी मराठीतच हाताळला होता. मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ही त्यांचीच मालिका, आणि शिवाजी साटम तिच्यातही होते. त्यामुळे ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत साटमांचा एसीपी प्रद्युमन हा हिंदी बोलणारा, पण आपल्यातलाच माणूस होता. वीस वर्षांत त्या मालिकेवर कोणी वास्तवतेसाठी प्रेम केले नाही. दया दार तोडणार, साळुंखे डॉक्टर आणि एसीपी मृतदेहासमोर एकमेकांना टोमणे मारणार, एसीपींची बोटे हवेत फिरणार, हे सगळे ठरलेले होते. आणि ठरलेले होते म्हणूनच दिवसभर लोकलमध्ये लोंबकळून आलेल्या माणसाला ते पाहताना बरे वाटत होते.

ही मालिका २१ डिसेंबर २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे खोलीतली एक खुर्ची पहिल्या दिवसापासून रिकामी होती. जाहिरातींत दया आणि अभिजीत ही जिवाभावाची जोडी एकमेकांविरुद्ध उभी केलेली होती. पुढे एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युमनचा स्फोटात मृत्यू दाखवण्यात आला, वाहिनीने श्रद्धांजलीच्या धर्तीचा मजकूर प्रसिद्ध केला, आणि पार्थ समथान हे एसीपी आयुष्मान म्हणून दाखल झाले. त्यावर प्रेक्षकांचा जो संताप उसळला तो मी व्यवसायाचा भाग म्हणून बारकाईने वाचला. कथानक रचले कसे, स्फोट पटण्यासारखा होता का, याबद्दल त्यात फारसे काही नव्हते. ‘आता आम्ही पाहणार नाही’ हेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत होते. नंतर प्रद्युमनला परत आणावे लागले.

माझ्या मते मृत्यू दाखवणे ही येथे चूक नव्हती. वयोवृद्ध अधिकारी कामावर असताना मारला जातो, हे गुन्हेकथेत पूर्णपणे बसते आणि नीट लिहिले तर प्रेक्षक रडतो, पण राहतो. चूक झाली ती खुर्ची भरण्याच्या घाईत. घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या जागेवर तेराव्याच्या आत कोणी बसत नाही, आणि बसलाच तर तो कितीही भला असला तरी घरच्यांच्या डोळ्यांत खुपतो. नव्या अधिकाऱ्याला महिनाभर दाराजवळच्या स्टुलावर बसवले असते, दयाने त्याला एकदा तरी चुकून ‘सर’ म्हणायचे टाळले असते, तर त्याच प्रेक्षकांनी त्याला हळूहळू आत घेतले असते, असे मला आजही वाटते. अर्थात बाहेर बसून असे म्हणणे सोपे असते, कारण आत त्या वेळी कोणाच्या तारखा मिळत होत्या आणि कोणाच्या नव्हत्या हे बाहेरच्याला दिसत नाही, आणि लेखकाचे निम्मे निर्णय तारखाच घेतात.

मग लिहिणारे खोली का मोडतात? दुसरे पर्व मंजूर करून घेताना समोर बसलेल्यांना सांगावे लागते की या वेळी नवे काय. ‘तीच माणसे, तीच जागा, फक्त गुन्हे वेगळे’ असे सांगितले तर बैठक पाच मिनिटांत संपते. म्हणून सांगावे लागते की या वेळी गुन्हा राज्यभर पसरलेला आहे, नायिकेचा भूतकाळ उलगडणार आहे आणि तिचा सहकारी फितूर निघणार आहे. प्रत्येक वाक्य ऐकायला चांगले वाटते आणि प्रत्येक वाक्याने खोलीची एकेक वीट निघते. तपास राज्यभर पसरला की माणसे एकत्र बसायची थांबतात, भूतकाळ उलगडायला लागला की वर्तमानातली थट्टामस्करी बंद होते, आणि फितुरी आली की पहिल्या पर्वातल्या सगळ्या गोड आठवणी मागाहून कडू होतात.

माझ्या हातून हे कसे घडले ते सांगतो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका मालिकेच्या पहिल्या पर्वात एक वयस्क हवालदार होता. तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसून स्टेशन डायरी लिहायचा आणि लिहिताना प्रत्येक नोंद मोठ्याने वाचायचा: इतके वाजता अमुक साहेब पथकासह रवाना, इतके वाजता अमुक इसमास चौकशीकामी आणले. साहेबांनी सांगितलेल्या वाक्यातले व्याकरण तो बिनदिक्कत दुरुस्त करायचा. हे पात्र आम्ही निव्वळ गमतीसाठी घातले होते. दुसऱ्या पर्वात तपास पथक मुख्यालयातल्या काचेच्या दालनात हलवले, तिथे स्टेशन डायरीचे टेबल नव्हते, शिवाय त्या नटाचे नाटकाचे दौरे सुरू होते, हवालदार गेला. त्याच्या जाण्याबद्दल एकाही प्रेक्षकाने चकार शब्द काढला नाही.

तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. तपास फार झटपट लागतो, मधले काही कळत नाही, असे निम्म्या लोकांचे म्हणणे होते. उरलेल्या निम्म्यांना तीच मालिका संथ वाटत होती. एकच भाग एकाला घाईचा आणि दुसऱ्याला रेंगाळलेला वाटतो हे पाहून आम्ही दोन्ही तक्रारी रद्द केल्या आणि वाहिनीच्या सूचनेवरून प्रत्येक भागात एक पाठलाग वाढवला. त्याने काहीच फरक पडला नाही. बऱ्याच महिन्यांनी दोन्ही पर्वांचे भाग सलग पाहताना माझ्या ध्यानात आले की तो म्हातारा दर सात-आठ मिनिटांनी प्रेक्षकासाठी हिशेब मांडत होता. कोण आले, कोण गेले, काय सापडले, काय राहिले, हे तो विनोदाच्या आडून सांगून टाकत असे आणि स्वयंपाकघरातून ताट घेऊन आलेला माणूसही लगेच गोष्टीत शिरत असे. तो गेल्यावर ज्याचा धागा सुटला त्याला तपास झटपट वाटू लागला, आणि ज्याने धाग्याचा नाद सोडला त्याला तेच प्रसंग संथ. दोघांचे दुखणे एकच होते, पण ते आम्हाला सांगू शकणारा प्रेक्षक जगात कुठेही नव्हता, कारण त्याने त्या हवालदाराकडे कधी त्या नजरेने पाहिलेच नव्हते. तक्रारींनी काहीतरी तुटले आहे हे अचूक सांगितले होते; काय तुटले ते शोधणे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नाही.

‘पटत नाही’ या तक्रारीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गुन्हेमालिकेच्या बाबतीत ती सर्वांत अधिक येते आणि तिचा सर्वांत अधिक गैरसमज होतो. लेखक ती ऐकून एखाद्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला सल्लागार नेमतात. माझे अनेक वर्षांचे निरीक्षण असे की प्रेक्षकाच्या पटण्याचा आणि कायद्याच्या बरोबर असण्याचा संबंध फार थोडा आहे. जवळजवळ प्रत्येक मालिकेत शेवटी खुनी पोलिसांसमोर घडाघडा कबुली देतो आणि विषय संपतो. प्रत्यक्षात पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात सिद्ध करता येत नाही; जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ मध्ये होते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आहे. इतकी मोठी गफलत दर भागात होत असूनही त्याबद्दल तक्रार करणारे पत्र मी आजवर पाहिलेले नाही. उलट १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाल्यावर झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले, म्हणून आम्ही पंचनाम्याच्या प्रसंगात एका शिपायाच्या हाती मोबाइल दिला, तर प्रेक्षकांनी विचारले की पोलीस असे कधी शूटिंग करत बसतात का. खरे होते ते खोटे वाटले, आणि खोटे होते ते बिनबोभाट पचले.

कलमांचेही तसेच. खून म्हणजे ३०२ आणि फसवणूक म्हणजे ४२० हे आकडे आपल्या बोलीत इतके मुरले आहेत की ते संवादात आले की प्रसंगाला धार येते. आता खुनाच्या शिक्षेसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ आहे आणि ‘तुझ्यावर एकशे तीन लावीन’ हे वाक्य ऐकून अजून कोणाचाही थरकाप उडत नाही. एका तरुण लेखकाने मला विचारले की प्रेक्षकांसाठी जुनेच आकडे ठेवावेत का. मी त्याला म्हटले की कथेतला खून १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला दाखव. त्याचा गुन्हा आज नोंदवला गेला तरी तिथे ३०२ च लागते, आणि तुला नियम न मोडता तुझे वाक्य मिळते. जुने प्रकरण उकरून काढण्याच्या कथा हल्ली थोड्या वाढल्या आहेत असे तुम्हाला वाटत असेल, तर त्यामागे हेही एक किरकोळ कारण असू शकते.

तुमच्याकडच्या भूगोलाबद्दल मात्र प्रेक्षक क्षमा करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ऐरोली ठाणे जिल्ह्यात असली तरी पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. पुलापलीकडचे मुलुंड मुंबई पोलिसांकडे, आणि खाडीच्या वरच्या अंगाला कळवा, कोपरी ठाणे आयुक्तालयात. खाडीत एखादा मृतदेह सापडला तर भरती-ओहोटीच्या हिशेबाने तीन आयुक्तालयांपैकी तो कोणाचा, यावर उत्तम भाग लिहिता येईल, आणि इथल्या माणसाला तो प्रसंग शिकवावा लागणार नाही. तरीही मालिकांत कोपरीला सुरू झालेला पाठलाग पुढच्या चित्रात वाशीच्या खाडीपुलावर असतो. आमच्याकडून घडलेली चूक याहून बारीक होती. कथेतला पूर्वप्रसंग २०१६ सालचा होता, नायिका ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बसते, आणि तिच्या डोक्यावरच्या स्थानकांच्या पट्टीत ठाणे आणि ऐरोली यांच्या मध्ये ‘दिघा गाव’ स्पष्ट दिसत होते. ते स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. रात्री भाग प्रक्षेपित झाला आणि सकाळी दूध घेऊन येताना आमच्याच इमारतीतल्या, रबाळ्याला नोकरीला जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून ते सांगितले. ते पुढे म्हणाले की पहिल्या पर्वातही अशा चुका असायच्या, पण तेव्हा लक्ष जात नव्हते. हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवले. प्रेक्षक खोलीत रमलेला असतो तेव्हा त्याची नजर पट्टीकडे जात नाही. ती वर गेली याचा अर्थ समोर बसलेल्या बाईत त्याला धरून ठेवण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तो प्रसंग पुन्हा पाहिल्यावर मलाही तो तसाच रिकामा वाटला.

तुमच्या भावाला खुनी दुसऱ्या भागात कळला. कळू द्यावा. ‘देवमाणूस’ ही झी मराठीवरची मालिका ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा गावाला देव वाटणारा डॉक्टर खुनी आहे हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच माहीत होते. वाईजवळ २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणावरून ती सुचलेली असल्यामुळे लपवण्यासारखे काही नव्हतेच. दुसरे पर्व डिसेंबर २०२१ मध्ये आले आणि ‘मधला अध्याय’ या नावाने तिसरे जून २०२५ मध्ये. खुनी कोण या प्रश्नाशिवाय एक मालिका तीन पर्वे उभी राहते, याचा अर्थ प्रेक्षक त्या प्रश्नावर फारसा अवलंबून नाही. किरण गायकवाड यांनी रंगवलेला तो माणूस आता कोणाच्या ओसरीवर जाऊन गोड बोलणार, एवढ्यासाठी लोक बसत होते. भावाच्या तक्रारीचे भाषांतर मी असे करीन की खुनी कळल्यानंतर त्याला त्या मालिकेत थांबण्याचे दुसरे कारण सापडले नाही.

आता तक्रारी पोहोचतात का याबद्दल. पोहोचतात, पण त्यांच्या आधी आकडा पोहोचतो. वाहिन्यांवरच्या कार्यक्रमांचे मोजमाप बार्क ही संस्था करते. तिचे साप्ताहिक आकडे २०१५ पासून येऊ लागले. देशभरातल्या पंचावन्न हजारांहून अधिक निवडक घरांत मापनयंत्रे बसवलेली आहेत. प्रक्षेपणाच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती यंत्र ओळखते, आणि घरातले कोण समोर बसले आहे हे त्या त्या माणसाने आपल्या नावाचे बटण दाबून सांगायचे असते. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणून आमच्या धंद्यात गुरुवारी कोणी सुट्टी घेत नाही आणि गुरुवारी दुपारी कोणी कोणाला पैसे मागत नाही.

वेळेचे गणित लक्षात घेतले तर सुधारणा का दिसत नाही ते समजेल. समजा शनिवारी रात्री तुमच्या आई उठून गेल्या. तो आकडा आमच्या हाती येतो पुढच्या आठवड्यातल्या नव्हे, त्यानंतरच्या… नाही, सोपे करून सांगतो: आठवडा शुक्रवारी संपल्यावर सहा दिवसांनी, म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांनी. तोवर पुढचे भाग चित्रित होऊन पडलेले असतात, त्यापुढच्या भागांची संहिता वाहिनीने मंजूर केलेली असते, आणि सेट उभा असतो. आठवड्यातून दोन-तीनदा दिसणाऱ्या गुन्हेमालिकेत आज घेतलेला निर्णय पडद्यावर यायला आमच्या अनुभवात महिना ते सव्वा महिना लागत असे. ओटीटीवरच्या मालिकांचे तर सगळे भाग बहुधा एकाच दिवशी येतात. तिथे प्रतिक्रिया येते तेव्हा दुरुस्त करायला काहीच शिल्लक नसते, आणि कोणता प्रेक्षक कितव्या मिनिटाला उठला हे कंपनीला कळत असले तरी लेखकाला ते क्वचितच सांगितले जाते.

यात तुमच्या घरातली एक गोष्ट फार बोलकी आहे. वडील रोज पाहतात आणि रोज नावे ठेवतात. त्यांचा आवाज मोठा, पण आमच्या दृष्टीने ते मालिकेचे निष्ठावंत प्रेक्षकच आहेत, कारण नावे ठेवणे हाही त्या खोलीत बसण्याचा एक प्रकार आहे. मापनयंत्र तुमच्या घरी असते तर त्यांची नोंद पसंतीत झाली असती. आई काहीच न बोलता उठून गेल्या. त्यांची तक्रार कोणत्याही पत्रात, कोणत्याही बैठकीत येणार नाही, आकड्यात फक्त एक बटण कमी दाबलेले दिसेल. निर्माते मोठा आवाज ऐकून वडिलांना खूश करायला धावतात, म्हणजे पाठलाग वाढवतात, धक्के वाढवतात, आणि त्याने आई परत येत नाहीत. बावीस वर्षांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे आणि स्वतः केली आहे की तिच्याबद्दल लिहिताना आता हसू येते.

दुसरे पर्व नेहमी पडते, हे मात्र खरे नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ ही शुद्ध गुन्हेमालिका नाही, गूढ आणि भय यांकडे तिचा ओढा अधिक. पण या प्रश्नापुरती ती फार उपयोगी आहे. २०१६ साली आलेल्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच गेलेले होते आणि त्यांच्या मागे उरलेले घर आपण पाहिले. जानेवारी २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व काळात मागे गेले. वाडा तोच, इंदू माई त्याच, मुलांची नावे तीच, आणि ज्यांच्याबद्दल नुसते ऐकले होते ते अण्णा माधव अभ्यंकरांच्या रूपाने ओसरीवर येऊन बसले. शेवंताच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर आल्या आणि ती दोन नावे महाराष्ट्रभर विनोदांत, नकलांत आणि जत्रांत ऐकू येऊ लागली. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते, तरी तो हलला नाही. लेखकांनी खोली मोडली नव्हती. आधी बंद असलेले तिचे एक दार उघडले होते. दुसऱ्या पर्वाचा इतका नेटका विचार आपल्याकडे मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

तुमच्या मालिकेचे पहिले सहा भाग मी तुमचे पत्र आल्यावर पाहिले. गुन्हा चांगला रचलेला आहे, न्यायवैद्यक बाजूही बऱ्यापैकी सांभाळली आहे. पण पहिल्या पर्वात त्या महिला निरीक्षकाच्या टेबलावर तिघे-चौघे डबे उघडून बसत आणि तिथेच निम्मा तपास लागत असे. या वेळी तिला निलंबित करून एकटीला फ्लॅटमध्ये बसवले आहे आणि ती भिंतीवर चिकटवलेल्या फोटोंशी बोलते. सहा भागांत तिने कोणाबरोबर एक घासही खाल्लेला मला दिसला नाही. तुमच्याकडे ती मालिका जेवताना पाहिली जात होती, हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिले आहे. वडिलांचे मत कळवले नाहीत तरी चालेल. आई नेमक्या कोणत्या प्रसंगाला उठून आत गेल्या, हे मात्र त्यांना विचारा. आठवत नाही असे म्हणतील तर त्या वेळी ताटात काय होते ते विचारा, म्हणजे आठवेल. कळवलेत तर तो प्रसंग मी त्या दोन लेखकांना दाखवीन. माझ्या माहितीप्रमाणे शेवटच्या आठ भागांचे चित्रीकरण अजून व्हायचे आहे.